कामगाराची भरपाई खालच्या पायरीवरच ठरते

मा. संपादक,

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि वकिलीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे लक्ष साहजिकच तिकडे लागले. कामगारांच्या नुकसानभरपाईत मात्र उच्च न्यायालयात फार थोडे दुरुस्त होते. 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या अपघातांना लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कलम 30 खाली अपील चालते ते कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच. अपघात कामावर झाला का, पगार किती होता, हे त्या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांसमोर ठरते आणि बहुधा तिथेच संपते. सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात ज्यांना वकिली करायची आहे, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

फौंड्रीत माणूस दगावला की घरी रोख रक्कम येते आणि 'काही तक्रार नाही' अशी स्टँपपेपरवर सही होते. कलम 8 प्रमाणे मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांना परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत. हक्क सोडल्याचा करार कलम 17 ने रद्द ठरतो. हे त्या घराला त्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवे.

हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते, म्हणून दावा एकट्या ठेकेदारावर लावला जातो. तो गाव सोडून गेला की वसुली कोणाकडून करणार? धंद्याचेच काम ठेक्याने दिले असेल तर कलम 12 खाली मूळ मालकाला पक्षकार करता येते. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे.

मृत्यूच्या भरपाईचा हिशेब असा. वय 40, पगार 22,000 असला तरी धरायचे कमाल 15,000. त्याचे निम्मे 7,500, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये आणि वर 12 टक्के व्याज. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर कामगार गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 प्रमाणे भरपाई कायदा किंवा मोटार दावा, यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. मोटार दाव्यात 15,000 ची मर्यादा नाही. पण चूक मरण पावलेल्या चालकाचीच असेल तर त्याच्या घरच्यांचा तो दावा टिकणे कठीण. भरपाई कायद्यात मृत्यूच्या दाव्याला चूक कोणाची हे आड येत नाही. हे न तपासता वकीलपत्र दाखल करू नये.

अपंगत्वाच्या दाव्यात डॉक्टरांकडून कमाईची क्षमता किती गेली हे लिहून घ्यावे, नुसती अवयवाची टक्केवारी पुरत नाही. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची कमाई पूर्ण बुडाली, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच मानले आहे. 29 जुलै 2025 च्या निकालात, साखर कारखान्याच्या रखवालदाराचा कामावर जाताना वाटेत झालेला मृत्यूही भरपाईस पात्र ठरला. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने अपघाताची तारीख आधी पाहावी.

औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. हे शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या किती कामगारांना ठाऊक आहे? बार असोसिएशन आणि विधी महाविद्यालयांनी पंचनामा, हजेरी वही, पगारचिठ्ठी आणि पीएफ पासबुक वाचायला शिकवणारे वर्ग याच वर्षी सुरू करावेत, ही आमची कळकळीची विनंती.

— कामगार कायद्यात काम करणारे काही वकील, कोल्हापूर