रेंज जाते म्हणूनच तुमचं मिडलवेअर घेतलं होतं

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : मिडलवेअरमधून नोंदी गहाळ व दुबार होत असल्याबाबत

महोदय,

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या शीतगृहात तापमानाचे जुने मॉडबस (कारखान्यांतल्या यंत्रांची जुनी संदेशपद्धत) सेन्सर, कामगारांकडचे अँड्रॉइड स्कॅनर, बिलिंगचा विंडोज संगणक आणि गाड्यांमधली सिमकार्डवाली यंत्रं आहेत. या सगळ्यांचा मेळ घालायला तुमचं मिडलवेअर, म्हणजे मधे बसून त्यांना जोडणारं सॉफ्टवेअर, घेतलं. प्रत्येक उपकरणाला हवी तशी रचना करता येईल, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय.

उणे १८ अंशांच्या खोलीला पफ पॅनल, म्हणजे थंडी अडवणाऱ्या फोमच्या भिंती, आहेत, दोन्ही बाजूंनी पत्रा. स्कॅनर आत गेला की वायफाय सुटतं. गाडी कसारा घाटात शिरली की रेंज जाते. करारापूर्वी तुमच्या माणसांना हे सगळं हिंडवून दाखवलं होतं. तरी सगळे संदेश एमक्यूटीटीच्या (यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायच्या प्रोटोकॉलच्या) क्यूओएस ० वर, म्हणजे संदेश पोचण्याच्या हमीच्या सगळ्यात खालच्या पातळीवर, ठेवले. पोचला तर पोचला, नाही तर गेला. तापमानाच्या आलेखात भगदाडं पडली आणि एका निर्यातदाराने तो आलेख पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला.

तक्रार केल्यावर तुमच्या इंजिनिअरने सरसकट सगळंच क्यूओएस १ वर टाकलं. त्यात पोच परत आली नाही की संदेश पुन्हा जातो, म्हणजे दोनदाही पोचू शकतो. तापमान दोनदा आलं तर बिघडत नाही. मालाची जावक दोनदा आली की बिलात वाटाण्याच्या पेट्या दुप्पट होतात आणि गाडीवाला, गिऱ्हाईक आणि आम्ही फोनवर भांडत बसतो. शिवाय साचलेल्या नोंदींवर मोजल्याची नव्हे, सर्व्हरवर पोचल्याची वेळ पडते. मध्यरात्रीचं तापमान सकाळचं म्हणून दिसतं.

यावर तुमचं उत्तर काय, तर ‘नेटवर्क सुधारा’. अहो, हा एमक्यूटीटी प्रोटोकॉल १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहाच्या तोकड्या, महागड्या जोडणीतून नजर ठेवण्यासाठी बनला. त्याला आमचा कसारा घाट जड जाऊ नये.

तेव्हा प्रत्येक प्रकारच्या संदेशाला त्याच्या गरजेप्रमाणे वेगळी हमी लावून द्या. रेंज नसताना नोंदी मोजल्याच्या वेळेसह यंत्रातच साठू द्या. जावकेच्या प्रत्येक चलनाला कायमचा क्रमांक देऊन दुबार चलन बिलिंगपाशीच अडवा. नुसत्या क्यूओएस २ ने, म्हणजे संदेश नेमका एकदाच पोचवण्याच्या पातळीने, भागणार नाही, ती हमी ब्रोकरपर्यंतच्या (संदेश घेऊन पुढे देणाऱ्या मधल्या सर्व्हरपर्यंतच्या) आणि तिथून पुढच्या टप्प्याची वेगवेगळी असते, बिलिंग प्रणालीच्या आतली नव्हे.

हे होईपर्यंत देखभालीचा पुढचा हप्ता रोखून ठेवत आहोत. काम कधी पुरं होईल, ते पंधरवड्यात लेखी कळवावं. इंजिनिअर मात्र आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी पाठवा. नंतर इथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

आपला,
व्यवस्थापक, शीतगृह
तुर्भे, नवी मुंबई