खंडूचं घर टेंपोने येतंय

पुणे, १२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या श्रावणात मध्यरात्री तुम्ही खळ्यात घसरून पडलात, ते मला आठ दिवस कळू दिलं नाहीत. आईने सांगितलं, तेही तुम्ही दुकानात गेलेले असताना, हळू आवाजात. गोठा पाडल्यापासून खंडूला निवारा नाही. कुत्रा असूनही पडवीची पायरी तो चढत नाही (लहानपणी आईने एकदा केरसुणी उगारली, ती त्याने जन्मभर मानली). आणि झड सुरू झाली की तुम्ही बॅटरी घेऊन त्याच्या अंगावर गोणपाट टाकायला बाहेर पडता. शेवाळलेल्या जांभ्यावरून, या गुडघ्यांनी. ‘जाऊ नका’ म्हणून उपयोग नाही. तो भिजतोय म्हटल्यावर तुम्हाला झोप लागायची नाही. म्हणून त्याला घर केलं. काल पुरं झालं.

शिमग्याला आले होते तेव्हा खंडूला सुतळी लावून बघत होते, आठवतं? त्या सुतळीला दोन गाठी आहेत. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३२ इंच, आणि उभा असताना डोक्यापर्यंत २४. त्यावरून घर आतून ३६ इंच लांब, २६ रुंद. उंची पुढे ३० आणि मागे २५. आई म्हणेल, एवढंसंच का? मुद्दाम तसं केलंय. आतली हवा त्याच्याच अंगाच्या उबेने तापायची असते, घर ऐसपैस केलं की ती ऊब टिकत नाही. त्याला वळता आलं, मुटकुळं करून पडता आलं की झालं. दार मधोमध न ठेवता एका कडेला घेतलंय, म्हणजे वारा आत आला तरी झोपायच्या कोपऱ्यात थेट जाणार नाही.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं. पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन आहे. त्यावर शिक्के असतात ते बघून घेतलं: ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेलं, ‘एमबी’ म्हणजे विषारी धुरी दिलेलं. ‘एमबी’वाली एकही फळी घेतली नाही. खंडू दिसेल ते चाटतो.

बाबा, तुमचा रंधा आणि गुण्या इतकी वर्षं माळ्यावर होता. पहिल्या दिवशी रंध्याने फळीचे लचकेच निघायला लागले. मग तुम्ही करायचात तसा रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरला. पातं फार बाहेर आलं होतं. केसभर दिसेल इतकंच ठेवून पाचर ठोकली आणि परत फिरवला. पहिलंच साल निघालं ते हातभर लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, उजेड आरपार दिसेल असं. सगळ्या गच्चीवर राळेचा वास. मी ते साल या पत्रात घालून पाठवते आहे. रेघेच्या बाहेरून कापायचं, रेघ शिल्लक दिसली पाहिजे, हे तुमचं प्रत्येक फळीला पाळलंय.

एक चूक झाली. तळाच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकल्या, दिसायलाही छान दिसत होत्या. रात्री आपल्या माजघराचं दार आठवलं, दर आषाढात अडकतं ते. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कोकणातल्या दमट हवेत या फळ्या एकमेकींना रेटून उचकटल्या असत्या. सकाळी सगळ्या काढल्या आणि मध्ये नाणं सरकेल एवढी फट ठेवून परत बसवल्या.

बाहेरून अळशीच्या तेलाचे दोन हात दिलेत, आतून कोरंच ठेवलंय. तुम्हाला घराच्या पायांना काजूच्या टरफलांचं तेल लावावंसं वाटेल, होड्यांना लावतात ते. कृपा करून लावू नका. वाळवीवर ते चांगलं, पण माणसाच्या कातडीला फोड येतात, मग त्याच्या जिभेचं काय होईल! वाळवीसाठी चार चिरे मांडा आणि पाय त्यावर ठेवा. लाकूड मातीला टेकता कामा नये, एवढं सांभाळलं की झालं.

घर सुटं येतंय. चार बाजू, तळ आणि पत्र्याचं झाकण. सांध्यांवर खडूने आकडे घातलेत: १ ला १, २ ला २. बोल्ट पिशवीत आहेत. शेजारच्या पोरांना बोलवा आणि तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. बाबा, हे मी हात जोडून सांगते आहे. झाकण मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर आहे. आठवड्याला उघडून आत ऊन द्यायचं, म्हणजे गोचिडांना थारा कमी मिळतो.

जागा मात्र तुम्हीच ठरवा. आपल्या खळ्यात झड कुठून येते ते मला पुण्यात बसून काय कळणार. माझ्या मते जुन्या गोठ्याच्या जोत्यावर, दार उगवतीकडे. पत्र्यावर माडाच्या झावळांचे दोन झाप बांधून टाका, नाहीतर पावसाच्या आवाजाने तो आत थांबायचा नाही.

आई, आत गोणपाट नको, ते भिजलं की वाळत नाही. भाताचा पेंढा घाल, आणि तू धान्यात घालतेस तसा निरगुडीचा पाला थोडा पसर.

आंबे घेऊन आलेला आपल्या वाडीतला टेंपो गुरुवारी रात्री रिकामाच परत निघतोय, त्यात चढवते. मृगाच्या आधी उभं राहील. पोचलं की फोन करा.

आणि एक. नवीन घरात तो आपणहून शिरणार नाही. बाबांचा तो निळा सदरा, कॉलर विरलेला, पेंढ्यावर अंथर. धुऊ नकोस आई, तसाच ठेव.

तुमची,
मनू