पोपटी जर्सीबद्दल, काका-काकूंना

आदरणीय काका,

फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही. समोर बसून त्या व्हॉलीबॉलच्या दिवसांबद्दल आभार मानायला लागलं, की तुम्ही "चहा टाकायला सांगतो" म्हणत आत निघून जाता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून ठेवतेय. काकू मोठ्यानं वाचून दाखवतील. मध्येच उठू नका.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या सुराबायाला २१ वर्षांखालील मुलींची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा झाली. २४ संघ होते. इटलीच्या मुली जिंकल्या, जपान दुसरा. माझ्याकडे खेळायला येणाऱ्या मुलींना त्यातले काही सामने मी मोबाईलवर दाखवले. पावसानं मैदानात चिखल होता, म्हणून सगळ्या आमच्या घरी जमल्या होत्या. बहुतेकींचं लक्ष स्मॅशकडे होतं. एक मात्र बराच वेळ गप्प होती. अकरा वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत बुटकी. तिनं विचारलं, "ताई, ही एकटीच वेगळ्या शर्टात का?"

काका, माझा घास घशातच अडकला. सोळा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता.

आता पहिल्यापासून सांगते, कारण हल्लीच्या मुलींना हे माहीत नाही. नाशिकरोडच्या जेल रोडला आपल्या घरांमागच्या मोकळ्या भूखंडावर दोन खांब होते आणि मुलांचं जाळं होतं, २.४३ मीटरवर ताणलेलं. मुलं दमली की उरलेल्या संधिप्रकाशात आम्ही खेळायचो. बॉल जाळ्यावरून गेला की टाळ्या, आणि बहुतेक वेळा तो जाळ्यातच जायचा. आम्हाला वाटायचं, आपल्यात ताकद नाही. मोठी माणसंही तेच म्हणायची. तुम्ही प्रेसमधून सुटून घरी जाताना रोज पाहायचात. एका रविवारी मेजरिंग टेप आणि वेल्डर घेऊन आलात आणि दोन्ही खांबांवर खालच्या बाजूला एकेक हुक बसवून घेतलात. म्हणालात, "मुलींचं जाळं दोन मीटर चोवीस असतं. जगात सगळीकडे. तुम्ही इतके दिवस वीतभर उंच जाळ्यावर खेळत होतात."

फरक एकोणीस सेंटिमीटरचा होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमच्यातल्या तिघींचा बॉल सरळ पलीकडे खाली आपटला. मुलांना जाळं पुन्हा वर चढवायचा कंटाळा यायचा, कुरबुर व्हायची. तुम्ही भांडला नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार जाळं खाली राहील एवढंच सांगितलंत आणि त्या तीन दिवशी स्वतः येऊन उंची मोजलीत. खांबाशी नाही, मधोमध, कारण जाळं मध्ये झोळ खातं. बाजूला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढ चालत नाही, हेही तेव्हाच कळलं. तुम्ही स्वतः सिन्नरकडच्या गावात शूटिंगबॉल, म्हणजे व्हॉलीबॉलच्याच जातीचा खेळ, खेळलेले. व्हॉलीबॉलचे नियम कुणाकडून तरी आणलेल्या पुस्तिकेत बघून, चष्मा पुसत पुसत शिकलात. तुमची स्वतःची मुलगी आमच्यात नव्हती, हे मला फार उशिरा जाणवलं.

मग २००९. मुलांची ज्युनिअर जागतिक स्पर्धा पुण्यात, बालेवाडीला भरणार असं पेपरात आलं. मुलींची त्याच जुलैत मेक्सिकोत होऊन गेली होती आणि जर्मनीनं जिंकली होती. तुम्ही म्हणालात, "मेक्सिकोला काही नेता येणार नाही. बालेवाडीला नेतो. खेळ तोच आहे." सात जणी तयार झालो, पण एकीच्याही घरून होकार येईना. चौदा वर्षांच्या मुली, दोन दिवस, रात्रीचा मुक्काम, तेही पोरांचे सामने बघायला! तुमच्या शब्दानं काम होणार नव्हतं. काम झालं ते काकूंमुळे. काकू संध्याकाळी पदर खोचून निघाल्या आणि सात घरी जाऊन सांगून आल्या, "मी जातेय बरोबर. झोपतील त्या माझ्या बहिणीकडे, पिंपरीला."

१ ऑगस्टला, शनिवारी पहाटे आपण नाशिकरोडच्या स्टँडवरून एसटी पकडली. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, नारायणगाव. काकूंच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती नारायणगावच्या आधीच संपली. आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा आम्हा सगळ्यांचं पूर्ण लागलं. ते पैसे आमच्या घरच्यांनी दिले असंच मी बरीच वर्षं समजत होते. ते तुमच्या ओव्हरटाइमचे होते, हे काकूंनी मला माझ्या लग्नात सांगितलं.

बालेवाडीच्या हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा आवाजानं दचकलो. आपल्या मैदानावर बॉल मातीत धप्प करून बसायचा. तिथल्या फ्लोअरवर तो फटाक्यासारखा वाजत होता. मला त्या दिवसातले गुण आठवत नाहीत. आठवतो तो एका परदेशी संघातला मुलगा, बाकीच्यांच्या खांद्याला लागणारा, वेगळ्या रंगाच्या शर्टातला. समोरून आलेली प्रत्येक सर्व्हिस तो दोन्ही हातांवर अशी घ्यायचा, की बॉल जणू तिथेच यायचा होता. मी विचारलं, "काका, हा एकटाच वेगळ्या शर्टात का?"

तुम्ही अर्धा सेट मला समजावून सांगण्यात घालवलात. हा लिबेरो. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आला. फक्त मागच्या ओळीत खेळतो. सर्व्हिस करत नाही, समोरचा स्मॅश अडवायला, ब्लॉकला, उडी मारत नाही, जाळ्याच्या वरचा बॉल मारत नाही. कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. मग म्हणालात, "याला उंची लागत नाही. गुडघे आणि डोळे लागतात. तुझ्याकडे दोन्ही आहे."

उंचीपायी मला संघात जागा नव्हती. जाळ्याजवळ उभी केली तर निरुपयोगी, म्हणून मी बाहेर बसून बॉल आणून द्यायचे. त्या हॉलमध्ये बसून मला पहिल्यांदा कळलं, की या खेळात माझ्या मापाची जागा आधीपासून लिहून ठेवलेली आहे.

आपण परतलो आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. आमच्या वयाचीच होती ती. तुमच्या दारात आमच्या आया जमल्या, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. एक जण तर फार लागेल असं बोलली. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. काकू आठवडाभर सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीच्या घरी येऊन कपाळाला हात लावून ताप बघत होत्या. कुणालाच काही झालं नाही, पण ते दिवस तुमच्यावर काय गेले असतील हे आता, दुसऱ्यांच्या मुली घेऊन गावोगावी जाताना मला कळतं. आपली पोरं उपांत्य फेरीत पोचली तेव्हा पुन्हा जायचं ठरलं होतं, ते अर्थातच राहून गेलं. ब्राझील पहिला, क्युबा दुसरा, अर्जेंटिना तिसरा आणि भारत चौथा. मला आजही तो चौथा नंबर कमी वाटत नाही.

शाळेच्या स्पर्धा आल्या तेव्हा लिबेरोचा शर्ट वेगळ्या रंगाचा हवा आणि आमच्याकडे तर एकाच रंगाचे शर्ट, तेही मागून आणलेले. काकूंकडे परकरांच्या शिवणातलं पोपटी पॉपलिन उरलं होतं. त्याचा शर्ट रात्रीत शिवून झाला, पाठीवर पांढऱ्या कापडाचा ५ नंबर. पंचांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि चालेल म्हणाले. त्या वर्षी आम्ही जळगावच्या विभागीय स्पर्धेपर्यंत गेलो. पुढे हरलो. मला मात्र सगळा जिल्हा "पोपटी" म्हणून ओळखू लागला. काकू, तो शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. शिवण एका ठिकाणीही उसवलेली नाही.

काका, २०१९ च्या जुलैत सकाळी सकाळी तुम्ही फोन केला होता. मेक्सिकोत जपानच्या मुलींनी इटलीला ३-२ हरवून पहिल्यांदाच ज्युनिअर विश्वविजेतेपद घेतलं होतं. तुम्ही विजेत्यांबद्दल एकच वाक्य बोललात, "त्यांचं रिसीव्हिंग बघ, सर्व्हिस कशी घेतात ते." मी तेव्हा नोकरीच्या धावपळीत होते, मैदान सुटून चार वर्षं झाली होती. त्या रात्री सामना शोधून पाहिला. मयू इशिकावा स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण मी तुम्ही सांगितलेलंच बघत राहिले. पुढच्या रविवारी भूखंडावर गेले. खालचे हुक होते तिथेच होते. तेव्हापासून मी तिथे मुलींना शिकवते आहे.

सुराबायाच्या त्या २४ संघांत आपण नव्हतो. मुलींनी विचारलंच, आपण का नाही? मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. आशियातूनच वर यायला किती संघ ओलांडावे लागतात ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी शंभर-शंभर वेळा बॉल दोन्ही हातांवर घ्यायला लावला. तुम्हीही तेच केलं असतंत.

त्या बुटक्या मुलीला मी लिबेरोचं सगळं समजावलं. अर्ध्यात माझा आवाज बसला, तेव्हा दुसऱ्या मुलींनी पुरं केलं. तिच्यासाठी शर्ट हवाय. काकू, तुमचे डोळे आता शिवणावर चालत नाहीत हे माहीत आहे. कापड तेवढं तुम्ही निवडून द्या, शिवते मी.

आणि काका, डावीकडच्या खांबावरचा खालचा हुक गंजून गेलाय. रविवारी सकाळी सातला वेल्डर येतोय, मैदानाच्या रेषांची फक्कीही नवीन मारायची आहे. येताना टेप घेऊन या. मधोमध तुम्हीच मोजा.

तुमची,
पोपटी