लुई आर्मस्ट्राँग यांच्या घरातील मार्गदर्शिकेस जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरोना नावाच्या वस्तीत, १०७व्या रस्त्यावर, जॅझ ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग यांचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. ते घर आपण माझ्या वडिलांना ज्या आस्थेने दाखवले, तिच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. परवानगी घेतलेली नसल्यामुळे आपले नाव येथे देत नाही. परंतु हे पत्र आपल्या वाचनात आले, तर ते आपल्यालाच लिहिले आहे हे आपण ओळखाल, अशी खात्री वाटते.

वडिलांना गेल्या काही वर्षांपासून ऐकू कमी येते. श्रवणयंत्र असले तरी चार माणसे एकत्र जमली की त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचत नाहीत, केवळ कल्लोळ पोहोचतो. त्यामुळे अशा ठिकाणी ते वस्तू पाहतात, मान डोलावतात आणि मागे राहतात. आपण मात्र दिवाणखान्यातच हे ओळखले. कोणत्याही प्रकारचा गाजावाजा न करता, कोणत्या कानाने अधिक ऐकू येते एवढेच त्यांना विचारले, आणि त्यानंतर प्रत्येक खोलीत जिथून ध्वनिमुद्रण ऐकू येणार असेल त्या जागेजवळ त्यांना उभे केले. बोलताना आपला चेहरा त्यांच्याकडे असावा, याचीही काळजी आपण शेवटपर्यंत घेतली.

या घरात ऐकण्याला किती महत्त्व आहे, हे ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्या लक्षात कदाचित येणार नाही. थोरांच्या घरांत सहसा त्यांचा चष्मा, लेखणी, पलंग अशा वस्तू मांडलेल्या असतात आणि त्यांवरून माणसाची कल्पना करावी लागते. आर्मस्ट्राँग यांना टेपवर ध्वनिमुद्रण करण्याचा विलक्षण छंद होता. जेवणानंतरच्या गप्पा, मित्रांना सांगितलेले किस्से, लावलेल्या तबकडीबरोबर स्वतः वाजवलेला ट्रम्पेट, असे कितीतरी त्यांनी टिपून ठेवले, आणि त्या शेकडो टेपांच्या खोक्यांवर छायाचित्रे व कात्रणे स्वतःच्या हाताने चिकटवून चित्रे तयार केली. आपण खोलीत शिरल्यावर कळ दाबता आणि त्याच घरात नोंदवलेला त्यांचा आवाज ऐकू येतो. अभ्यासिकेत, गायक टोनी बेनेट यांनी काढलेल्या आर्मस्ट्राँग यांच्या चित्राजवळ उभे असताना, वडिलांना तो खरबरीत आवाज स्पष्ट ऐकू आला. त्यांनी तारुण्यात रेडिओवर ऐकलेला तोच आवाज होता, फक्त या वेळी तो गात नव्हता, साधे बोलत होता. वडिलांचा चेहरा पाहून आपण ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. बरोबरच्या पाहुण्यांनीही कुरकुर न करता ते पुन्हा ऐकले, म्हणून त्यांचेही आभार मानते.

आपण सांगितलेली टॅक्सीची हकिकत वडील आता येईल त्याला सांगतात. १९४३ साली त्यांच्या पत्नी लुसिल यांनी हे घर घेतले तेव्हा आर्मस्ट्राँग दौऱ्यावर होते. परतल्यावर हातातल्या पत्त्यावर टॅक्सी थांबली, तेव्हा हे घर आपले आहे यावर त्यांचा विश्वास बसेना आणि चालकाला थांबायला सांगून ते दारापर्यंत गेले. न्यू ऑर्लीन्समधील अत्यंत गरीब वस्तीत वाढलेल्या आणि नंतर वर्षाचा बहुतेक काळ हॉटेलांत राहणाऱ्या माणसाची ही प्रतिक्रिया आहे, हे आपण अगदी एका वाक्यात लक्षात आणून दिले. त्यामुळे पुढे न्हाणीघरातील आरशांच्या भिंती आणि सोनेरी नळ पाहताना आम्हाला श्रीमंतीचे प्रदर्शन दिसले नाही. जगभर प्रसिद्ध असलेला आणि कुठेही मोठा बंगला घेऊ शकणारा हा कलावंत कामगारांच्या या वस्तीतच राहिला, पायऱ्यांवर बसून शेजारच्या मुलांशी बोलला, आणि ६ जुलै १९७१ रोजी याच घरात झोपेत त्याचे निधन झाले. त्या नळांकडे पाहताना हे सारे आधी ठाऊक असणे आवश्यक होते, आणि तो क्रम आपण विचारपूर्वक ठेवला होता असे मला वाटते.

स्वयंपाकघरात आपण जास्त वेळ थांबलात, हे मला विशेष आवडले. ती निळी चकचकीत कपाटे लुसिल यांच्या आवडीची; किंबहुना घराची सारी मांडणीच त्यांची. प्रसिद्ध माणसाच्या घरात त्याची पत्नी बहुधा एखाद्या छायाचित्रापुरती उरते. आपल्या बोलण्यात त्या घर निवडणाऱ्या, सजवणाऱ्या आणि पतीच्या मागे ते जसेच्या तसे राखणाऱ्या अशा ठळकपणे आल्या. १९८३ साली त्यांचे निधन झाल्यावर हे घर शहराकडे आले आणि २००३ साली लोकांसाठी खुले झाले. मधली एवढी वर्षे ते सांभाळणाऱ्या सर्वांचेही मी ऋण मानते. जुन्या वस्तू नवीन करण्याचा मोह कोणालाच झाला नाही, हे मोठे काम आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवावीशी वाटते. ज्येष्ठांसाठी आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी अशा ठिकाणी यंत्रे, फलक, छापील माहिती असावी, अशी मागणी आपण सारे करतो आणि ती योग्यच आहे. परंतु आपण केलेल्या मदतीसाठी कोणत्याही साधनाची गरज लागली नाही. आपण पाहिले, विचारले आणि त्यांना जागा करून दिली. अरुंद खोल्या आणि मागे ताटकळणारा पुढचा गट, अशा घाईतही आपल्याला ते सुचले. वडिलांना कोठेही वेगळे काढल्यासारखे वाटले नाही, याचे श्रेय सर्वस्वी आपल्या सौजन्याला आहे.

निघताना आपण वडिलांना सांगितले होते की, या टेपांचे संगणकीय रूपांतर झाले असून संग्रहालयाचा हा ठेवा आता घरबसल्याही ऐकता येतो. ते त्यांनी लक्षात ठेवले. सध्या रोज दुपारी हेडफोन लावून ते आर्मस्ट्राँग यांच्या गप्पा ऐकत असतात, एखादे वाक्य निसटले तर मागे जाऊन पुन्हा ऐकतात, आणि ट्रम्पेट सुरू झाला की मला हाक मारतात. आपल्याला त्यांचे आशीर्वाद कळवण्यास त्यांनी आवर्जून सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
त्या दिवशीच्या गटातील एक पाहुणी