त्या पेन्सिलीबद्दल

ताई,

जिभेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नव्हतं. जो येई तो त्यांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलत असे. तुम्ही आलात ते परवानगी मागायला: काढलेल्या गाठीतला उरलेला तुकडा संशोधनासाठी वापरू का? पण तुम्ही खुर्ची पलंगाजवळ ओढलीत, बाबांच्या हातात पेन्सिल दिलीत आणि थांबलात.

त्याआधी महिनोन्‌महिने आम्ही ज्या डॉक्टरांकडे जात होतो, ते जिभेवरच्या पांढऱ्या चट्ट्याला नुसतं मलम देत राहिले. तुकडा काढून तपासायचा का, असं विचारलं की चिडायचे. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही सांगितलंत, पेशीत मायक्रोआरएनए नावाचे जनुकीय लिपीतल्या जेमतेम २२ अक्षरांचे रेणू असतात. ते स्वतः प्रथिनं बनवत नाहीत, इतर जनुकांचे निरोप अडवतात. त्यांतला लेट-७ वाढीच्या रास जनुकाला आवरतो, मिर-१३७ पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या सीडीके६ला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे राखणदार पुष्कळदा कमी झालेले दिसतात.

बाबा लिहू लागले. हात थरथरत होता. मी वाक्य पुरं करायला पुढे झालो, तर तुम्ही मला हातानेच थांबवलंत. चार शब्दांना किती वेळ लागला! "राखणदार कुठे गेले मग?"

"जनुक असतं जागेवरच, काका. पण कधी कधी त्यावर मिथाइल नावाचे रासायनिक कण बसतात आणि ते गप्प होतं. मिर-१३७चं बऱ्याच गाठींत असं झालेलं सापडलंय."

'गप्प' म्हटल्यावर बाबांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले ते.

मग त्यांनी लिहिलं, "औषध?" तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. मिर-३४ नावाचा असाच एक मायक्रोआरएनए औषध म्हणून देऊन पाहिला होता, पण काही रुग्णांची प्रतिकारशक्ती भयंकर उसळली आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, हे सांगितलंत. या तुकड्याचा बाबांना स्वतःला उपयोग होणार नाही, हेही. बाबांनी सही केली. मला वाटतं, खरं सांगितलंत म्हणूनच केली.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत सापडला आणि त्या शोधाला नोबेल मिळायला २०२४ साल उजाडलं, हे मी नंतर वाचलं. तुमच्या कामात धीर लागतच असेल. पण तो धीर आजारी माणसाच्या एका वाक्यासाठी खर्च करणारी माणसं मला फार कमी भेटली.

बाबा आता थोडं बोलतात. पेन्सिल परत करायची राहून गेली, ती त्यांच्या उशाशी आहे.