ते तीन दिवस बुडाले नाहीत

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका पालकांचे पत्र आले होते. शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर असताना शाळा मुलांना गाण्याबिण्यासाठी परगावी नेतात आणि अभ्यासाचे दिवस बुडतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी शाळेचे नाव लिहिले नव्हते, मीही लिहिणार नाही. पण याच जानेवारीत एका शाळेच्या गायकवृंदाबरोबर मी गोव्यातल्या समूहगान महोत्सवाला जाऊन आले. ३२ मुले, संगीताच्या बाई, आणखी दोन शिक्षिका आणि आम्ही चार पालक. माझी मुलगी सातवीत आहे, ती खालच्या स्वरांच्या गटात गाते. त्या तीन दिवसांत मी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी तयारीचे सांगते, कारण दिवस बुडाले म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही. शाळेत संगीताची तासिका आठवड्याला एक. तीही परीक्षा जवळ आली की गणिताला जाते. त्यामुळे बाईंनी जूनपासून दर शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी पाऊण तास सराव घेतला, जिन्याखालच्या खोलीत, जिथे खेळाच्या जाळ्या आणि जुनी बाके ठेवलेली असतात. सात महिन्यांत त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. या कामाचा त्यांना वेगळा पैसा मिळत नाही.

पुण्याला गाणे काही नवीन नाही. १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो आहे, आणि थंडीत शाली पांघरून तासन्‌तास बसणारे श्रोते आपल्याच गावचे. गल्लोगल्ली क्लास आहेत, मुले प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देतात. पण हे सगळे एकट्याचे गाणे. आपल्या मुलांना सहसा फक्त आपला सूर सांभाळायला शिकवले जाते. शेजारचा मुलगा वेगळे स्वर गात असताना आपले न सोडणे आणि तरीही त्याचे ऐकत राहणे, ही निराळी विद्या आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातले समूहगीतसुद्धा बहुतेक वेळा सगळ्यांनी एकच चाल मोठ्याने म्हणायची, असेच असते.

बाईंनी तुकोबांचा एक अभंग घेतला आणि त्याला स्वतः भूप रागात चाल लावली. भूपच का, हे त्यांनी आम्हा पालकांना पेटी पुढे घेऊन समजावले. भूपात मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, वर्ज्य असतात. गंधार-मध्यम आणि निषाद-षड्ज या अर्ध्या सुराच्या जोड्याच त्यात येत नाहीत. त्यामुळे एका गटाने चाल सुरू केली, दुसऱ्याने अर्ध्या आवर्तनाने (तालाचा अर्धा फेरा झाल्यावर) तीच उचलली, तिसऱ्याने आणखी मागून, तरी स्वर एकमेकांवर आदळत नाहीत, एकमेकांत बसतात. केरवा ताल साधा, आठ मात्रांचा. दुसरा गट पाचव्या मात्रेवर येतो. ऐकायला सोपे वाटते. आमच्या मुलांना ते धड जमायला दिवाळी उजाडली.

मध्येच नववीतल्या एका मुलाचा आवाज फुटला. चौथीपासून गाणारा मुलगा, वरच्या पट्टीतला सगळ्यांत भरवशाचा. दोन शनिवार तो आलाच नाही. बाई त्याच्या घरी गेल्या. त्याच्या आवाजात त्या वेळी जेमतेम पाच स्वर धड लागत होते. तेवढ्याच पाच स्वरांत त्यांनी त्याच्यासाठी खालची एक ओळ बांधली आणि टाळही त्याच्याच हाती दिले. तो गोव्याला आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या वयात किती मुलगे "आता तुझं गाणं संपलं" असे ऐकून कायमचे गप्प होतात.

प्रवासखर्चाचा प्रश्न होताच. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते, तो विचार आधी झाला. पण घाटात मुलांना गाडी लागते, आणि लागोपाठ उलट्या झालेल्या गळ्याने दुसऱ्या दिवशी गाणार कसे? शेवटी गोवा एक्स्प्रेसची स्लीपरची तिकिटे काढली. तीन मुलांच्या घरून पैसे येणे शक्य नव्हते. ते इतर पालकांनी आपसांत भरले आणि मुलांना कळू दिले नाही.

गाडीने नीरा मागे टाकली तोवर अंधारले होते. डबे उघडले, पोळ्या-भाजी, गूळपोळ्या निघाल्या (संक्रांत नुकतीच झाली होती), आणि जेवणे आटोपल्यावर मुलांनी आपणहूनच अभंग सुरू केला. समोरच्या बाकावर गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा होते, सांगलीला निघालेले. पहिल्या आवर्तनाला ते नुसते ऐकत होते. दुसरा गट मागून आला तेव्हा त्यांनी चमकून पाहिले, मुले चुकली असेच त्यांना वाटले असणार. तिसरा गट आला तशी त्यांनी मांडीवर ठेका धरला आणि ध्रुपद आले की तेही म्हणू लागले. नंतर ते बाईंना म्हणाले, "आमच्या दिंडीतबी असंच की हो. पुढचा टाळकरी सोडतो, मागचा उचलतो." मला ते फार पटले. दिंडीत समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन ओळी, एकीने चरण म्हणायचा आणि दुसरीने तो झेलायचा. एकमेकांचे ऐकून गाणे आपल्याकडे होतेच, ते आपण शाळेच्या दारात आणले नाही एवढेच.

महोत्सवात आमचा क्रम दुसऱ्या दिवशी होता. पहिल्या दिवशी गोव्यातल्या एका गावचा गायकवृंद ऐकला. मुले आमच्याच मुलांच्या वयाची. त्यांनी मांडो हे गोव्याचे संथ गीत म्हटले आणि त्याला जोडून दुलपद, म्हणजे जलद चालीचे गाणे. कोकणी शब्द, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मडक्यासारखे मातीचे तालवाद्य, आणि पहिल्या ओळीपासून दोन आवाज, वरचा एक आणि त्याला धरून चालणारा खालचा एक. गोव्यात चर्चच्या शाळांनी पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि मिळून गायला शिकवले. ती विद्या पुढे चर्चच्या वेशी ओलांडून कोकणी गाण्यात मुरली, आणि तेच घुमट तिथे हिंदू घरांतल्या आरत्यांनाही वाजते. मराठीला खेटून असलेल्या भाषेत हे इतके सहज होते, मग "दोन आवाजांत गाणे ही पाश्चात्त्यांची गोष्ट, आपल्या भाषेला ती मानवत नाही" असे आपण किती दिवस म्हणत राहणार? मेघालयातल्या शिलाँग चेंबर कॉयर या गायकवृंदाने २०१०मध्ये हिंदी गाणी अनेक आवाजांत गाऊन साऱ्या देशाला दूरचित्रवाणीपुढे बसवले होते. आपल्याकडे संगीतकार वसंत देसाईंनी शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी केवढी खटपट केली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तो धागा मधेच कुठे सुटला?

आमच्या सादरीकरणात चूक झाली. तीही सांगते. तिसरा गट दोन मात्रा आधी आला. सभागृह मोठे, आवाज भिंतीवरून परत येत होता, त्यात मुले गोंधळली. क्षणभर तिन्ही गट एकमेकांत अडकले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंनी काही खूण करण्याआधीच तिसऱ्या गटातल्या मुली थांबल्या. त्या पूर्ण एक आवर्तन गप्प राहिल्या, पहिल्या दोन गटांचे ऐकले आणि पुढच्या आवर्तनाला बरोबर आपल्या मात्रेवर आल्या. कोणी कोणाकडे डोळे वटारून पाहिले नाही. खाली उतरल्यावरही "तुझ्यामुळे झालं" हे वाक्य एकाही तोंडून आले नाही. मी बँकेत नोकरी करते. चूक झाल्यावर थांबून दुसऱ्याचे ऐकणारी माणसे मला कामावर फार थोडी भेटली आहेत. ही मुले अकरा-बारा वर्षांची आहेत.

त्या रात्री जेवणानंतर गोव्याच्या मुलांनी आमच्या मुलांना दुलपदाच्या दोन ओळी खालच्या आवाजासकट शिकवल्या आणि आमच्या मुलांनी त्यांना वारकऱ्यांची पावली शिकवली. वसतिगृहाच्या अंगणात टाळ वाजत होते, घुमट वाजत होते. नववीतला तो मुलगा सगळ्यांना पाऊल कधी उचलायचे ते दाखवत होता.

परत आलो, तर हजेरीपटात त्या तीन दिवसांपुढे सगळ्यांची गैरहजेरी लागली होती. त्याच शाळेचा खो-खोचा संघ जिल्ह्याला खेळायला जातो तेव्हा मुलांची हजेरी लागते, आणि ती लागायलाच हवी. मग ३२ जणांनी मिळून केलेल्या या कामाला वेगळा न्याय का? दोन मुलांना तर वर्गात उभे करून "गाण्यानं पोट भरणार आहे का" असे विचारले गेले. माझी मुलगी ते घरी सांगताना रडली. तिला परीक्षेची भीती नाही. त्या तीन दिवसांचा बुडालेला अभ्यास सगळ्या मुलांनी पुढच्या दोन रविवारी भरून काढला. तिला वाईट वाटले ते बाईंसाठी.

माझे मागणे थोडे आहे. शाळांनी अशा दौऱ्यांना संघाच्या दौऱ्यासारखी हजेरी द्यावी. संगीताची तासिका गणिताला देऊ नये. आणि पुण्यात इतके चांगले संगीतकार आहेत, त्यांच्यातल्या कोणी मुलांच्या आवाजाला झेपतील अशी दोन-तीन गटांत म्हणायची मराठी गाणी बांधून द्यावीत. आज बाईंना एकेक गाणे स्वतःच रचावे लागते, दुसरीकडून आणायला फारसे काही नाही.

ज्या पालकांनी ते पत्र लिहिले त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची काळजी खरी आहे. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. बाईंना मी विचारले आहे, त्यांची हरकत नाही. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी त्यांना सरावाला घेऊन जाईन. खोली लहान आहे, पण दाराशी एक बाक मोकळे असते.

— एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे
(मुलीच्या शाळेची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)