मुखपृष्ठाचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पुस्तक-परिचयाच्या पानावर अलीकडे लेखकांनी स्वखर्चाने काढलेली पुस्तके बरीच दिसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या पानावर मुखपृष्ठ जेमतेम अंगठ्याएवढे छापले जाते आणि त्या आकारात कित्येक पुस्तकांची नावेच वाचता येत नाहीत. याचे कारण बहुतेक वेळा घाई हे असते. प्रकाशन समारंभाची तारीख ठरते, पाहुण्यांचा होकार येतो, निमंत्रणपत्रिका जातात आणि मग कुणीतरी विचारते, ‘कव्हरचे काय झाले?’ दोन-तीन वर्षे खपून लिहिलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ मग चार दिवसांत उरकले जाते. मांडणी आणि छपाईचे काम रोज करणारे आम्ही काही जण स्वतः पुस्तक काढू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत.

पहिले काम मापाचे. डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे सुमारे १४० बाय २१६ मि.मी. असते. मुखपृष्ठ, कणा (पुस्तकाची बांधलेली उभी कड) आणि मलपृष्ठ हे सगळे एकाच सलग कागदावर छापले जाते, त्यामुळे कण्याची जाडी कळल्याशिवाय फाइल तयार करता येत नाही. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या छपाई-कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मि.मी. जाड असतो. २०० पानी पुस्तकात असे १०० कागद, म्हणजे कणा सुमारे ९ मि.मी. फाइलची रुंदी १४० अधिक ९ अधिक १४०, शिवाय चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड (कापणीत जाणारी जादा छपाई), म्हणजे २९५ मि.मी.; उंची २२२ मि.मी. आता ऐनवेळी छापखान्यात मॅपलिथो मिळाला नाही आणि फुगीर नॅचरल शेड कागद वापरला, तर तोच कणा सहज १२ मि.मी.च्या पुढे जातो. फाइल मात्र ९ मि.मी.चीच असते. मग मुखपृष्ठाची कड कण्यावर चढते आणि कण्यावरची अक्षरे मधोमध बसत नाहीत. उशिरा आलेली प्रस्तावनाही हाच घोटाळा करते: सोळा पानांचा एक फर्मा वाढला की कणा पाऊण मिलिमीटरने फुगतो. म्हणून कागद नक्की करा, शेवटचे प्रूफ संपवा आणि छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी (नमुना प्रत) बांधून घेऊन कणा प्रत्यक्ष मोजा.

कणा ६ मि.मी.पेक्षा कमी असेल तर त्यावर नाव घालूच नये. त्याहून जाड कण्यावर घातले तर दोन्ही कडांना दीड-दोन मि.मी. मोकळे सोडावेत, कारण बांधणीत तेवढे इकडे-तिकडे होतेच. नाव वरून खाली वाचले जाईल असे ठेवले, तर टेबलावर उताणे ठेवलेले पुस्तक कण्यावरूनही सरळ वाचता येते. इंग्रजीची नक्कल करून देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचू नयेत. त्यात शिरोरेषाही तुटते आणि शब्दही.

आता अक्षरांविषयी, कारण मराठी मुखपृष्ठे सर्वांत जास्त इथेच बिघडतात. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांच्या काळात पुस्तकाचे नाव हाताने रेखाटले जाई. कमल शेडगे यांनी तर केवळ अक्षरांतून नाटकांना चेहरे दिले. आज नाव टंकातून (फॉन्टमधून) येते, आणि टंक मराठीसाठी तयार केलेला आहे की नाही हे फारसे कुणी पाहत नाही. समजा, नावात ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द आहे. वर्डमधून कॉपी करून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना मधले न दिसणारे जोडचिन्ह गळून गेले, तर त्याचे ‘दर्याखोर्या’ होते. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि मोठ्या आकारात डोळ्यांना सवय झाल्यामुळे हे शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ‘कुऱ्हाड’, ‘ॲ’, ‘ळ’, ‘शृं’, ‘द्व’, ‘ट्ट’ एवढे एका ओळीत टाइप करून पाहिले की टंकाची परीक्षा दोन मिनिटांत होते. ‘ल’ आणि ‘श’ आवर्जून पाहावेत. अनेक टंकांत ते हिंदी वळणाचे असतात आणि मराठी रूपे आत लपलेली असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ती बाहेर येतात. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच रूपे सांगितली आहेत.

वेलांटी सुटून भलत्याच अक्षरापुढे गेली किंवा जोडाक्षराचे तुकडे पडले, तर दोष टंकाचा नसून सॉफ्टवेअरच्या मांडणीचा असतो. पुस्तक-मांडणीच्या इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडल्याशिवाय युनिकोड देवनागरी नीट बसत नाही. अक्षरांमधले अंतर वाढवायचा मोह टाळावा, कारण शिरोरेषेला फटी पडतात. अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची असेल तर आधी सगळी अक्षरे एकसंध करून घ्यावीत, नाहीतर प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. नाव दोन ओळींत येत असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आपटतो का, हे पाहूनच ओळ तोडावी. छापायला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करावेत, म्हणजे त्यांचे रेखाचित्रात रूपांतर करावे, आणि तसे न केलेली मूळ फाइलही स्वतःकडे मागून घ्यावी. दुसऱ्या आवृत्तीत तीच कामी येते.

चित्राचा प्रश्न त्यानंतरचा. डेमीच्या दर्शनी बाजूला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचे तर ब्लीडसह साधारण १,६९० बाय २,६२० पिक्सेल लागतात. एआयकडून किंवा इंटरनेटवरून घेतलेले १,०२४ पिक्सेलचे चित्र त्या हिशेबाने साडेतीन इंचही भरत नाही, ताणले की पसरट आणि धूसर होते. चित्रकाराने व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्रही वाटेत लहान होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. चित्राचे हक्क लेखी घ्या. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. ई-पुस्तक, अनुवाद, जाहिरात यांसाठी चित्र वापरायचे असेल तर तसे त्याच कागदावर लिहून घ्या आणि मानधनाचा आकडाही घाला. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर छापायला विसरू नका.

मोबाइलच्या पडद्यावर भगवा, पोपटी आणि गडद निळा जसा झळकतो तसा चार रंगांच्या छपाईत येत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या याच चार रंगांत, बदलून, शक्यतो त्याच यंत्रावर एक प्रत काढून मगच होकार द्यावा. दोनशे-तीनशे प्रती डिजिटलवर छापताना काळपट रंग कण्याच्या घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसू लागते. त्यावर उपाय म्हणजे लॅमिनेशन (वरून प्लास्टिकचा पातळ थर), घडीच्या जागी क्रीजिंग (आधीच दाबून पाडलेली खाच) आणि कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवणे. लॅमिनेशन फक्त बाहेरून असते, त्यामुळे पावसाळ्यात आतली बाजू ओल शोषून फुगते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळते. २५० ऐवजी ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड (मुखपृष्ठाचा जाड, गुळगुळीत कागद) घेतले तर हे कमी होते, पण कोकणात आणि गोव्यात पूर्ण थांबत नाही. गडद रंगावरचे मॅट लॅमिनेशन दिसते सुंदर, पण प्रदर्शनाच्या टेबलावर दोन दिवसांत ओरखडे दाखवते. स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागीच दिलेला चकचकीत थर, बारीक अक्षरांवर मुळीच नको. अर्धा मिलिमीटर सरकला तरी मात्रा दुहेरी दिसतात.

मलपृष्ठावर शंभरेक शब्द पुरतात. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे छापली तर मात्रा आणि अनुस्वार शाईने भरून जातात, म्हणून तिथे जरा जाड वजनाचा टंक आणि किमान ११-१२ पॉइंट आकार ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही अर्ज करू शकतो. तो हाती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज मुखपृष्ठाआधी करावा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. या क्रमांकाच्या बारकोडचे पूर्ण माप सुमारे ३७ बाय २६ मि.मी. असते, ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. तो पांढऱ्यावर काळाच हवा. लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत.

हे सगळे झाल्यावर मुखपृष्ठ दोन सेंटिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावर धरा. नाव वाचता आले नाही, तर मुखपृष्ठावरचे काहीतरी काढून टाका. लेखकाच्या पदव्या, पुरस्कारांचे शिक्के आणि प्रस्तावनाकाराचे नाव यांपासून सुरुवात करावी. किंडलवरच्या ई-पुस्तकासाठी १,६०० बाय २,५६० पिक्सेलची वेगळी फाइल लागते. तिचे प्रमाण डेमीपेक्षा उंच असते, म्हणून छापील मुखपृष्ठ नुसते ओढून तिथे बसवू नये.

आपल्या परिचयाच्या पानाविषयी एक विनंती आहे. तिथे पुस्तकाखाली प्रकाशक, पृष्ठे आणि मूल्य ही माहिती दिलेली असते. त्या ओळीत ‘मुखपृष्ठ :’ असे लिहून चित्रकाराचे किंवा मांडणीकाराचे नावही द्यावे. नवा लेखक चांगले मुखपृष्ठ पाहतो, पण ते कुणी केले हे त्याला कळत नाही, आणि मग तो शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात कव्हर करून घेतो. या एका ओळीमुळे त्याला योग्य माणसाचा पत्ता लागेल.

आपले विश्वासू,
पुस्तक-मांडणी व मुद्रणाच्या क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे